चौथा क्रमांक

नरेन कार्तिकेयनच्या नावापुढचा ४ हा आकडा मला अजून छळतो. १९ जून २००५, इंडियानापोलिस, फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रांप्री. तिथल्या तेराव्या, कललेल्या वळणावर आपले टायर टिकतील याची खात्री खुद्द मिशेलिनला देता येईना. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरची टोयोटा त्याच वळणावर भिंतीला धडकली होती. वळणाआधी शिकेन घालून वेग कमी करा, ही मागणी एफआयएने फेटाळली. रविवारी वीसही गाड्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या आणि त्यातल्या चौदा सरळ पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोन टायरवाल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. कार्तिकेयन जॉर्डनमध्ये होता. तो चौथा आला, पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाच्या खात्यावरचे गुण एवढेच.

मी विकिपीडियावर लिहितो. तिथे शर्यतीच्या लेखात हे सगळं ऐसपैस सांगता येतं. घोळ चालकाच्या लेखात होतो. हंगामाच्या तक्त्यात एक इवलासा चौकोन आणि त्यात ४. तळटीप टाकावी, तर मोबाइलवर वाचणारा ती उघडत नाही. म्हणजे जे सांगायचं ते प्रस्तावनेतल्या एका वाक्यात आलं पाहिजे, आणि ते वाक्य माझ्याच्याने बसत नव्हतं. ‘चौथा क्रमांक मिळवला, त्या शर्यतीत सहा गाड्या धावल्या’ असं लिहिलं की आधी हार घालून मग तो काढून घेतल्यासारखं होतं. उलट करावं, ‘सहा गाड्या धावलेल्या शर्यतीत चौथा आला’, तर पोराला वर येण्याआधीच खाली ढकललं. दोन्हीतली माहिती सारखी, दोन्हींना संदर्भ तोच. तटस्थ दृष्टिकोनाचं धोरण मला पाठ आहे, पण आधी काय आणि नंतर काय, हे त्यात कुठे सांगितलंय?

माझ्या परीने मी ‘सहा’ आधी ठेवत आलो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या दांडी किनाऱ्यावरचा एक मुलगा माझ्याकडे संपादन शिकायला येऊ लागला आणि त्याने ते वाक्य सरळ उलटं केलं. मी परतवलं. त्याने पुन्हा केलं. मग तो घरीच आला. घरची होडी असलेला मुलगा. म्हणाला, ‘काका, बाकीच्यो होड्यो दर्यात गेल्यो नाय म्हणान गावलेली सुरमय खोटी काय?’

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही नाही. मी त्याला नियम सांगत बसलो, आणि तो चहा पिऊन, मान हलवून गेला.

मग त्याला कात्रीत पकडायला मी २०११ काढलं. ३० ऑक्टोबर, ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किटवरची पहिली भारतीय ग्रांप्री. कार्तिकेयन एचआरटी चालवत होता. ती गाडी म्हणजे शेवटच्या रांगेचा कायमचा रहिवासी. तो सतरावा आला, आणि त्याच्या मागे अठरावा होता त्याच्याच संघातला डॅनियल रिकार्डो, ज्याने पुढे आठ ग्रांप्री जिंकल्या. चोवीस गाड्या ग्रिडवर होत्या. म्हटलं, आता सांग, ४ मोठा की १७? पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. म्हणाला, दोन्ही लिहूया आणि मधे ‘पण’ घालायचा नाही.

आकडा खरा असून अपुरा पडतो, हे फक्त आपल्या माणसाच्या बाबतीत होतं असं नाही. जुलै २०२४ मध्ये बेल्जियमला जॉर्ज रसेल एकाच पिटस्टॉपवर शर्यत काढून हॅमिल्टनच्या अर्धा सेकंद पुढे आला. मग वजनकाट्यावर त्याची गाडी किमान ७९८ किलोऐवजी ७९६.५ भरली आणि काही तासांत तो बाद ठरून त्याचं नाव तक्त्याच्या तळाला गेलं. निकाल योग्यच. पण दुपारभर लोकांनी जी शर्यत पाहिली ती रसेलची होती. तक्ता ती सांगू शकत नाही. ती गद्यातच सांगावी लागते, आणि हल्ली गद्य लिहितो कोण?

इथे माझी कुरकूर सुरू होते. झेंडा पडायच्या आत निकाल टाकणारे संपादक आहेत. एका ओळीचा लेख करून खाली इंग्रजीतून उचललेला तक्ता चिकटवणारे आहेत. यंत्राकडून भाषांतर करून घेऊन ‘शर्यत त्याच्याद्वारे जिंकली गेली’ असलं मराठी सोडून जाणारे तर रोजचेच. ते पुसायला गेलं तर म्हणतात, लेखसंख्या वाढतेय ना! वाढू दे बापड्या. पूर्वी चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चापानावर, एखाद्या साच्याच्या रंगावरून चार-चार दिवस भांडणं व्हायची. ती मूर्खपणाची होती आणि मला त्यांची फार आठवण येते. आता मी काहीही परतवलं तरी कुणी विचारत नाही. त्या मुलाने दोनदा उलटवलं, तेव्हा राग आला त्याच्या आधी बरं वाटलं.

बरं वाटण्याचं कारण उदात्त नाही. पानाचा ‘इतिहास’ उघडून त्यात आपलं सदस्यनाव खाली-वर किती वेळा येतं ते पाहायची मला खोड आहे. एका वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर एकदा माझं वाक्य स्वल्पविरामासकट छापून आलं, नावाशिवाय. विकिपीडियावर लिहिणाऱ्याने यात आनंद मानायचा असतो. मी तो अंक घेऊन भरड नाक्यावर तीन दुकानदारांना दाखवला. त्यातल्या दोघांना फॉर्म्युला वन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्याने विचारलं, ‘पैसे किती गावले?’

वाक्य आता असं आहे: ‘कार्तिकेयनने २००५च्या अमेरिकन ग्रांप्रीत, चौदा गाड्यांनी माघार घेतल्यानंतर धावलेल्या सहा गाड्यांत, चौथा क्रमांक आणि पाच गुण मिळवले, २०११च्या भारतीय ग्रांप्रीत तो सतरावा, सहकारी रिकार्डोच्या पुढे, आला.’ लांबलंय. स्वल्पविरामांनी अडखळतं. पहिला अर्धा माझा, दुसरा त्या मुलाचा, आणि त्याचा अर्धा जास्त बरा आहे. कुणाला याहून नीट जमत असेल तर जरूर बदला. फक्त चर्चापानावर कारण लिहा आणि खाली सही करा.