आईची दाढ आणि माझी फी

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

झालं असं, दिवाळीत कडक चकली खाताना आईची डावीकडची खालची दाढ उभी चिरली. डॉक्टर म्हणाले, "वाचणार नाही. काढू आणि त्याच बैठकीत टायटॅनियमचा इम्प्लांट बसवू."

आई लगेच म्हणाली, "नुसती काढा हो. उजवीकडची काढलीच होती की! काही अडत नाही."

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. उजवीकडे, दाढ होती तिथे जबड्याचं हाड चक्क खचलं होतं. "कधी काढली ही?"

"दोन वर्षं झाली."

मी मनात हिशोब केला. दोन वर्षांपूर्वी माझी अ‍ॅडमिशन होती. इम्प्लांटचं "नंतर बघू" म्हणून आईने पैसे माझ्या फीमध्ये भरले होते. मला कोणी सांगितलंही नव्हतं.

हाडाचा नियम १८९२ साली जर्मन सर्जन वोल्फ यांनी मांडला. भार पडतो तिथे हाड मजबूत होतं, भार गेला की झिजतं. त्यात दाढेची गालाकडची भिंत पातळ. दाढ गेली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच!

"म्हणजे लगेच इम्प्लांट बसवला की हाड वाचलं!" मी हुशारी केली.

डॉक्टर हसले. अराउजो आणि लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग छापले. लगेच बसवलेला इम्प्लांट एकटा ती भिंत वाचवू शकत नाही, असं त्यांत दिसलं. शिवाय दाढेचा खड्डा मोठा, इम्प्लांट बारीक. आमच्या भाषेत, होल मोठं आणि शाफ्ट लहान! म्हणून दोन मुळांच्या मधल्या हाडात ड्रिल करायचं, तिथे स्क्रू पकडतो. गालाकडच्या भिंतीपासून तो लांब ठेवायचा आणि मधल्या फटीत हाडाची पावडर भरायची. तरी थोडं हाड जातंच, पण बरंच वाचतं. स्क्रू घट्ट बसला का, हे बघायला टॉर्क रेंच! साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर. वर्कशॉपचा रेंच आठवून मला हसूच आलं. वर कॅप मात्र काही महिन्यांनी, हाडाने टायटॅनियमला धरल्यावर.

आई अजून "नको" वर अडलेली. बाबा गप्प. शेवटी मी म्हटलं, "लॅपटॉप पुढच्या वर्षी."

डावीकडचा इम्प्लांट बसला. उजवीकडे आधी हाड भरावं लागेल. "ते तुझं लास्ट इयर झाल्यावर," असं आईने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

भार पडला की हाड मजबूत होतं म्हणे. आमच्या घरातला सगळा भार आईवर, आणि झिजलीही तीच. वोल्फसाहेब, हे कुठल्या चॅप्टरमध्ये येतं?