सातबाऱ्याचा तास

नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकविण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यांपैकी पहिली कित्येक वर्षे पाठ्यपुस्तक, फळ्यावरील सनावळी आणि वहीत उतरवून दिलेली प्रश्नोत्तरे यांपलीकडे मी पाऊल टाकले नाही, ही गोष्ट आजही मला सलते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, हे उत्तर बिनचूक लिहिणाऱ्या एका मुलाला मी एकदा ‘खत म्हणजे काय?’ असे विचारले, तेव्हा त्याने शेणखताचे नाव घेतले. दोष त्याचा नव्हता. कर्जाचा कागद कसा असतो, हे त्याला कुणी दाखविलेच नव्हते.

पुढल्या वर्षी गावातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या अनुमतीने मी त्यांच्या सातबाऱ्याचा जुना, हस्तलिखित उतारा वर्गात नेला. गाव नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा आणि बारा हा पिकांच्या नोंदीचा, एवढे सांगून मी कागद बाकांवरून फिरविला. मुले एकेक रकाना बोट ठेवून वाचू लागली : भोगवटादार, पोटखराबा, आकार. ‘सर, आकार म्हणजे शेत चौकोनी की लांबट, तेच ना?’ असे एकाने विचारले, आणि त्या एका शब्दापाशी आमचे दोन तास गेले. आकार म्हणजे सरकारी सारा. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 साली आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेते मोजून, मातीची प्रत लावून जी आकारणी तीस वर्षांसाठी ठरविली, तिचा हा वंशज. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, 1865 साली युद्ध संपताच ते उतरले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत सरून फेरआकारणीत सारा वाढला. सारा रोख भरायचा असल्याने कुणबी सावकाराच्या ओसरीवर गेला व वाचता न येणाऱ्या कागदावर निशाणी करून आला. सुप्याच्या जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे दप्तर हवे होते, आणि खते मुकाट्याने हवाली झाली तेथे मारहाणीचे प्रकार सहसा घडले नाहीत, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे भांडण कागदाशीच होतं.’ 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जाण्याची सक्ती का केली, हे मग मला निराळे समजावावे लागले नाही.

त्याच उताऱ्यावर तीन नावांना, ती कमी झाल्याची खूण म्हणून, कंस घातलेले होते आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक होता. एका मुलीने ती नावे पुन्हा पुन्हा वाचली. तिन्ही बायकांची होती. ‘या आत्यांनी हक्क का सोडला?’ वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील 2005 ची दुरुस्ती मी तिला सांगितली. परंतु हक्कसोडपत्रावर सही होण्यापूर्वी त्या घरात काय बोलणे झाले असेल, ते कागदात लिहिलेले नसते, हेही सांगणे मला भाग होते. दस्तऐवज काय सांगतो आणि कशाविषयी मौन पाळतो, हे ओळखणे माझ्या मते या विषयाचे मर्म आहे, आणि प्रश्नपत्रिकेत त्याला फारसे गुण नाहीत.

यशाने मी उतावीळ झालो. पुढच्या वर्षी सर्वांनाच घरचे उतारे आणावयास सांगितले, आणि एका मुलाच्या कागदावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा त्याच्या सोबत्याने रकमेसह मोठ्याने वाचला. त्या मुलाने उतारा घडी घालून खिशात ठेवला आणि दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्याच्या घरी जाऊन त्याची व त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. वडिलांनी चहा दिला; मुलगा मात्र आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना म्हणून विनंती आहे की, या विषयाचा निदान एक तास पुस्तक मिटून, गावच्या एखाद्या जुन्या कागदावर घ्यावा. परंतु तो कागद ज्याचा असेल त्याची संमती आधी घ्यावी, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर कोरी पट्टी चिकटवूनच तो वर्गात न्यावा.