जुना ऑटोक्लेव्ह, नवे सुटे भाग

जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात टाके घालायची अवजारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह बराच जुना आहे. “आता नवा घ्या,” असा सल्ला मला नेहमी मिळतो. पण त्याचे स्टीलचे भांडे अजून भक्कम आहे. झिजतात ते सुटे भाग.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. पाकिटात बंद केलेली अवजारे त्यात १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत ३० मिनिटे ठेवली, की जिवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात. झाकणाचे रबरी गॅस्केट कडक झाले की वाफ निसटते, म्हणून ते मी वेळेवर बदलतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो आणि ती जळते, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरतो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत जुगाड चालत नाही. तिथे योग्य मापाचा, नवाच भाग हवा.

मात्र मशीन चालू आहे म्हणजे अवजारे निर्जंतुक झाली, असे नाही. आत हवा अडकली तर दाबाचा काटा बरोबर दिसतो, पण तापमान कमीच राहते. पाकिटावरच्या टेपचे पट्टे काळे झाले, तरी त्यातून फक्त उष्णता लागल्याचे कळते. बीजाणू मेले का, हे बीजाणू-चाचणीच सांगते. भाग बदलूनही मशीन त्या चाचणीत नापास होऊ लागले, तर ते भंगारात जाईल, तोपर्यंत नाही.

तुम्हीही कुठल्याही दवाखान्यात टाके घालण्याआधी विचारा, “पाकीट माझ्यासमोर उघडाल का?” यात संकोच कसला? तो तुमचा हक्कच आहे.