खाडीकडे तोंड असलेला किल्ला

शाळेत असताना घोडबंदरचा किल्ला म्हणजे सहल. आमच्या कोलशेत गावाहून जवळ, म्हणून दरवर्षी तोच. डबे संपले की आम्ही तटावर हुंदडायचो. पोर्तुगीजांचा किल्ला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला, एवढं बाईंनी सांगितलेलं परीक्षेपुरतं लक्षात राही.

कॉलेजच्या वयात तिथे जायचो ते निवांतपणासाठी. चिऱ्यांत शिरलेली मुळं, वाढलेलं गवत. पडझड तेव्हा रम्य वाटायची. मग एकदा गावातल्या एका कोळी मित्राने ओहोटी धरून होडीतून खाली नेलं. रस्त्यावरून बुटकी टेकडी वाटणारा किल्ला पाण्यातून पाहिला आणि त्याची जागा कळली. वर कल्याण, जे 1657 मध्ये घेतल्यावर शिवाजीराजांनी तिथे आरमाराची उभारणी सुरू केली. खाली वसई, 1534 च्या तहाने पोर्तुगीजांना मिळालेली. त्या दोहोंमधल्या पाण्यावर नजर ठेवायची तर इथूनच. मराठ्यांनी 1737 मध्ये आधी हा किल्ला असलेलं साष्टी बेट घेतलं. वसई पडली ती 1739 च्या मे महिन्यात.

घोडबंदरचा किल्ला ओस पडला तो तोफांनी नव्हे, काम संपल्याने. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढे रस्ते वाढले आणि गलबतांची वर्दळ ओसरली. ठाण्याचा किल्ला तुरुंग झाला, म्हणून त्याचे तट टिकले. घोडबंदरला तशी नोकरी मिळाली नाही.

आता मुलीला घेऊन जातो. डागडुजी झालेली आहे, संध्याकाळी माणसं फिरायला येतात. बरंच वाटतं. पण आजूबाजूला बाग फुलवली की किल्ला जपला, असं मला वाटत नाही. त्याचा खरा परिसर म्हणजे खाडी आणि तिच्या काठची तिवरं. तिवरांच्या तोडीला उच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली, तरी भराव थांबलेले नाहीत. हीच खाडी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाली आहे, हेही विसरू नये.

तट सांधायचे आणि पाणी बुजवायचं, याला जतन म्हणत नाहीत. खाडीकाठी रात्रीचे डंपर रिकामे होताना दिसले, तर तक्रार करा. किल्ला वाचवायची सुरुवात तिथून होते.