गोष्ट मुलाची, अक्षर आपलें

मुलांकडून निबंध लिहवून घेण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु मुलाची गोष्ट त्याच्याच शब्दांत कशी उतरून घ्यावी, हें निवृत्तीनंतर मला नातीनें शिकविलें.

माझा मुलगा आठ वर्षांचा असतांना त्यानें बोलणाऱ्या विहिरीची एक गोष्ट लिहून मला दाखविली होती. मीं तांबड्या शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या आणि खालीं शेरा मारला, 'विहिरीस वाचा नसते.' (जन्मभर पंचतंत्र शिकविणाऱ्याचा हा शेरा!) त्यानंतर त्यानें मला गोष्ट म्हणून कधीं दाखविली नाहीं.

गतवर्षीं अविधवा नवमीस घरांत श्राद्ध झालें. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलें, पण कावळा येईना. चार दिवसांनीं सात वर्षांची नात वही घेऊन आली.

"आजोबा, मला गोष्ट येते, पण लिहितां येत नाहीं."

"तूं सांग, मी लिहितों."

कावळा म्हणे शेजारीं आधींच जेवून आला होता. त्यानें मोठी ढेकर दिली. येथें माझा हात अडखळला. 'तृप्त झाला' हें अधिक प्रौढ, असें आंतला मास्तर म्हणूं लागला. तरी ढेकरच लिहिली. पण आजोबा उन्हांत उभे आहेत हें पाहून कावळ्यानें एक शीत उचललें. मी मधून विचारीत होतों तें एवढेंच, "मग काय झालें?" लिहिलेलें वाचून दाखवितांना 'आजोबा थोडा वेळ उभे होते' असें वाचलें, तों तिनें अडविलें, "थोडा नाहीं, खूप वेळ!"

टॉल्स्टॉय यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेंत शेतकऱ्यांच्या मुलांच्या तोंडची गोष्ट अशीच उतरून घेई. लेखन मुलांनीं आपणांकडून शिकावें, कीं आपण मुलांकडून, असा प्रश्न त्यानें १८६२ सालीं एका लेखांत केला. पूर्वीं मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटे.

शुद्धलेखनाचा आग्रह मीं सोडलेला नाहीं. मात्र त्याचा वार निराळा आणि वहीही निराळी.

शेवटचें वाक्य तिनें पेन्सिल ओढून घेऊन स्वतः लिहिलें, 'आजि म्हणालि आता पूरे.' तीन ऱ्हस्वदीर्घ चुकले होते. मीं वही मिटली.

संध्याकाळीं तिच्या बापानें, त्याच विहिरीच्या लेखकानें, ती वाचली. पानें मागेंपुढें उलटून पाहिलीं, आणि मला म्हणाला, "नाना, तांबडी शाई संपली कीं काय?"