थांबण्याची विद्या

वेगाची स्तुति सारें जग करितें. थांबण्याच्या सामर्थ्याची आठवण मात्र क्वचितच होते. गेल्या वर्षीं आमच्या काकांनीं एक जुनी प्रीमिअर पद्मिनी मोटार जानेफळास आणिली, तेव्हां पाहावयास आलेल्या प्रत्येकानें "ही किती पळते?" असेंच विचारिलें. "थांबते कशी?" असें विचारणारी आमची आजी एकटीच होती.

ह्या मोटारीचें कुळ थोर आहे. इटलीच्या फियाट ११०० च्या नमुन्यावरून ती मुंबईस कुर्ला येथें १९६४ पासून तयार होऊं लागली. त्याच घराण्यांतील मोटारी इटलींत मिले मिलिया नांवाच्या हजार मैलांच्या शर्यतींत धावल्या होत्या. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या वेषांत तिनें अनेक दशकें सेवा केली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली.

सोयाबीनच्या पैक्यांतून एकच काम होण्याजोगें होतें: नवा रंग, किंवा ब्रेक व स्प्रिंगा यांची दुरुस्ती. काकांचें मन रंगाकडे ओढ घेई. परंतु आजीस उपचारासाठीं दर महिन्यास खामगांवास न्यावें लागे, आणि तेथें जाण्यास बालाघाटावरून खालीं पयनघाटांत उतरणें भाग. आजी म्हणाली, "बाळा, बैल कितीही चपळ असला तरी वेसणीवांचून त्याला गाडीस जुंपूं नये." काकांनीं रंगाचा विचार सोडिला.

मिस्त्रींनीं चाकें उतरविलीं तेव्हां आजीची शंका किती रास्त होती हें कळलें. पेडल दाबलें कीं नळ्यांतील तेलाचा दाब चारही चाकांस पोंचतो व ड्रमांतील बूट बाहेर फांकून ड्रमास घट्ट घासतात. हा पास्कल ह्या फ्रेंच पंडितानें सांगितलेल्या नियमाचा चमत्कार! पण येथें रबरी वायसर फाटले होते आणि तेल काळें पडलें होतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषितें. लांब उतारावर ब्रेक तापले कीं तें पाणी उकळून वाफ होते. वाफ दबते, पेडल खालीं जातें, पण गाडी थांबत नाहीं. जुन्या लायनिंगांत घातक अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव, म्हणून मिस्त्रींनीं धूळ फुंकून न उडवितां पाण्यानें धुतली. वायसर, लायनिंग व तेल नवें घालून त्यांनीं नळ्यांतील हवा काढिली.

मागील पाट्यांपैकीं एक तडकला होता, तोही बदलला. शॉकअब्सॉर्बर केवळ सुखासाठीं असतात अशी माझी समजूत होती. मिस्त्री म्हणाले, "खड्ड्यावर उसळलेलें चाक जोंवर हवेंत आहे, तोंवर ब्रेक कोणास धरणार?" चाक भूमीस चिकटून राहावें हाच त्यांचा खरा धर्म.

दोन आठवड्यांनीं आजीस घेऊन आम्हीं घाट उतरलों. विटक्या रंगाची ती मोटार वळणावळणावर आज्ञाधारकपणें मंदावत होती आणि मागें आजी निश्चिंतपणें डोळे मिटून बसली होती.

विद्यार्थिमित्रांनो, वेग दुप्पट झाला कीं थांबावयास चौपट अंतर लागतें, हा सृष्टीचा नियम आहे. बुद्धि, धन, तारुण्य हीं सारीं वेगवान् वाहनें होत. त्यांचा रंग जगास दिसतो. संयम मात्र चाकांच्या आंत झांकलेला असतो. तथापि आपल्या भरंवशावर जे प्रवासास निघतात, त्यांचे प्राण त्या झांकलेल्या भागावरच अवलंबून असतात.