शेवटचा शब्द कुणाचा?

टेबलावर एक बोर्ड दोन दिवस निपचित पडून होता. पाण्याच्या मीटरचं फर्मवेअर. प्रोग्राम कुठे अडकलाच, तर वॉचडॉगने काही क्षणांत बोर्ड रीसेट करायचा, ही आमची भरवशाची सोय. पण हा अडकला तो अडकलाच. सोल्डरिंग तपासलं, चिप बदलली, वॉचडॉगचा कोड ओळ न् ओळ वाचून काढला. कोड बरोबर होता. तयार झालेल्या बायनरीत मात्र तो नव्हताच.

कारण मेकफाइलच्या एका ओळीत सापडलं, आणि ती ओळ मी लिहिलेली होती. सीफ्लॅग्ज, मग +=, मग वॉचडॉग चालू करणारा फ्लॅग. += म्हणजे आहे त्यात भर घाल, असंच कुणीही वाचेल. डीबग बिल्ड काढताना सहकाऱ्याने टर्मिनलवर 'मेक सीफ्लॅग्ज=-जी' एवढंच लिहिलं होतं. ग्नू मेकचा नियम असा, की कमांड लाइनवर दिलेलं मूल्य मेकफाइलमधल्या त्या नावाच्या सगळ्या ओळींवर मात करतं. = वर, := वर, आणि += वरसुद्धा. भर पडत नाही. एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही. ते मूल्य पुढे उपफोल्डरांत चालणाऱ्या मेकपर्यंतही जातं.

गंमत शब्दांच्या जागेत आहे. त्याने तेच 'सीफ्लॅग्ज=-जी' मेकच्या आधी लिहिलं असतं, तर ते एन्व्हायर्नमेंटमधून आलं असतं, माझ्या += ने त्यात भर घातली असती आणि वॉचडॉग जिवंत राहिला असता. अक्षरं तीच, एक शब्द अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक.

शेवटी मेकफाइलमध्ये ओरिजिन हे फंक्शन वापरून सीफ्लॅग्जचं मूळ छापून घेतलं. पडद्यावर 'कमांड लाइन' असे दोन शब्द आले. दोन दिवसांचं उत्तर तेवढंच होतं. तेव्हापासून मूल्य काय आहे, याच्या आधी ते कुठून आलं, हे मी विचारतो.

?= चंही असंच. 'ठरलेलं नसेल तर हे घे', असा त्याचा अर्थ. म्हणून लोक विश्वासाने 'सीसी ?=' लिहून पुढे आर्मचा कंपायलर देतात. पण सीसीचं मूल्य मेकने स्वतःच आधी ठरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे ती ओळ लागूच होत नाही आणि कोड लॅपटॉपच्याच कंपायलरने बांधला जातो.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. इतकी वर्षं टिकलेल्या या हत्याराचा हा नियम मला आता चुकीचा वाटत नाही. टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाला आत्ता काय हवंय, ते फाइल लिहिणाऱ्याला वर्षभर आधी कसं कळणार? शेवटचा शब्द त्याचाच असावा. चूक माझी होती: त्याच्या हक्काच्या नावात मी प्रकल्पाची गरज कोंबली. ग्नूचे कोडिंगचे संकेत हेच सांगतात: सीफ्लॅग्ज वापरणाऱ्यासाठी मोकळं ठेवा, ज्यावाचून काम चालणार नाही ते त्यात घालू नका. लिनक्स कर्नल त्यासाठीच केबिल्ड_सीफ्लॅग्ज असं वेगळं नाव वापरतो. ओव्हरराइड हा शब्द ओळीच्या आधी लावूनही भर घालता येते. मी तो लावून पाहिला आणि काढून टाकला. वेगळं नाव वाचणाऱ्याला हेतू सांगतं. ओव्हरराइडने नुसती जबरदस्ती दिसते.

तुमच्या मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्जपुढे += असेल, तर ती ओळ आज उघडून बघा. त्यातलं जे गळालं तर यंत्र बंद पडेल, ते स्वतःच्या नावाखाली हलवा, आणि मग कमांड लाइनवर सीफ्लॅग्ज देऊन एकदा बिल्ड काढून पाहा.